टर्बो थंड होईपर्यंत

आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत दत्तूकाकांकडे तिसरा मजला चढून गेलात, तर लगेच पाणी मिळत नाही. आधी दोन मिनिटं बसायचं. घसा कोरडा पडलेला असतो, पण काका तांब्या मांडीवर धरून घड्याळाकडे बघत असतात. "वायच दम खा. तापलेल्या इंजिनावर गार पानी घालूचा नसता."

काकांचा अख्खा जन्म ट्रकच्या गॅरेजमध्ये टर्बो, म्हणजे इंजिनाला जोर देणारे पंखे, दुरुस्त करण्यात गेला. गाडी जोरात पळवत आणली आणि तशीच बंद केली, तर आतलं तेल जळून टर्बोची वाट लागते, हे त्यांनी आमच्या वॉचमनकडूनही पाठ करून घेतलंय. कुणाचीही गाडी आली की काका बॉनेटला उलटा हात लावतात. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.

मग त्यांच्या मुलाने, महेशने, टर्बोवाली हायब्रिड घेतली. महेश बोरिवलीला राहतो. दर रविवारी काकांना जेवायला नेतो, संध्याकाळी गेटवर सोडतो. या गाडीचं इंजिन सिग्नलला आपोआप बंद होतं, याचा काकांना भयंकर राग. "माका न इचारता बंद होता!" गेटवर पोचल्यावरही ते उतरत नसत. "थांब रे महेशा, टर्बो अजून तापलोसा." बापलेक काचेआड दोन मिनिटं बसून राहायचे.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. न विचारता सल्ला देणं हा माझा धर्मच. एका रविवारी मी गेटवरच महेशकडून गाडीचं पुस्तक मागून घेतलं आणि चष्मा लावून दोघांसमोर निकाल दिला, "काका, इंजिन बंद झालं तरी यातला विजेवरचा पंप पाणी फिरवत राहतो. टर्बो आपोआप थंड होतो. थांबायची गरजच नाही!"

महेश हसला. "बघा बाबा. मी सांगत होतो ना?"

काकांनी पट्टा सोडला आणि ते उतरले. मला वाटलं, हरले.

घरी ही विजयकथा सांगितली, तर बायको म्हणाली, "तुला कुणी विचारलं होतं रे?"

पुढच्या रविवारी गाडी आली, काका उतरले, दार लागलं आणि गाडी गेलीसुद्धा. बॉनेटला लावायला उचललेला काकांचा हात तसाच राहिला.

मी जवळ गेलो. "काका, त्या पंपाचं तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"पंपाचो आवाज माका पयल्याच दिवशी आयकाक इलो."

"मग?"

"गाडी चालवताना त्येचो फोन चालू. घराकडे टीव्ही चालू." काका रस्त्याकडेच बघत होते. "त्या दोन मिनटात तो माझ्याशी बोलायचो."

महेशला हे सांगू का म्हटलं, तर काकांनी हात जोडले. "मागून घेतलेला बोलना नको रे."

परवा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. माझी गाडी जुनी, पेट्रोलची. गेटवर थांबलो. काका पट्टा सोडायला लागले.

"बसा हो काका, दोन मिनिटं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बॉनेटकडे. "ह्येका टर्बो नाय."

"नसू दे."

पट्ट्यावरचा हात त्यांनी मांडीवर ठेवला. मग घसा खाकरून म्हणाले,

"जेवतस मा वेळेवर?"