धाकटीचं कार्ड

सर्व्हरमध्ये नवं कार्ड बसवणं म्हणजे माझ्या हातचा मळ. झाकण काढा, खाचेत कार्ड दाबा, झाकण लावा आणि कीबोर्डवर बसून मशीनला सांगा, की बाई गं, ही तुझी नवी जलद डिस्क. झालं. लोक यालाच फार मोठी विद्या समजतात, आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

त्या दिवशी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, तेही मी ज्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांभाळतो तिथेच. सकाळी त्यांच्या खाटेशी उभा राहून मी म्हणालो, "आई, तुमच्या गुडघ्याचे फोटो पडद्यावर उघडायला फार वेळ लागतो. तळघरात जाऊन नवं कार्ड घालून येतो. डॉक्टरांनी नुसतं बोट लावलं की फोटो हजर."

"जावईबापू, माझं एकदा होऊन जाऊ दे. मग काय हवं ते घाला."

"आईचं ऐक जरा," बायको म्हणाली.

"अगं, चालू मशीनला मी हातच लावणार नाहीये."

हे खरं होतं. आमच्याकडे दोन जुळी मशीनं. वरची थोरली, ती काम करते. खालची धाकटी राखीव असते, थोरली पडली की फोटो दाखवायचं काम तिनं उचलायचं. मी धाकटीलाच हात लावणार होतो. दोघी दिसायला अगदी सारख्या, म्हणून प्रत्येकीला एक निळा दिवा असतो, तो वरच्या मजल्यावरून लावता येतो. ज्या मशीनचा दिवा लुकलुकेल तेच उघडायचं, हा आमच्या धंद्यातला शिरस्ता. वरच्या मजल्यावर बसणाऱ्या ऑपरेटरताईंना धाकटीचा दिवा लावायला सांगून मी खाली गेलो. नियमाप्रमाणे मोबाइल दाराबाहेरच्या ट्रेमध्ये ठेवला.

सर्व्हरच्या त्या खोलीत एकट्यानं जायला मला कधीच आवडलं नाही. आत थंडी एवढी की बोटं आखडतात, खिडकी नाही, आणि पंख्यांची घरघर इतकी सलग की थोड्या वेळानं त्यात कुणीतरी पुटपुटतंय असं वाटायला लागतं. माझ्या आधी तिथे काका होते. सगळे त्यांना काकाच म्हणत. जन्म त्या खोलीत काढला आणि गेल्या वर्षी वारले. त्यांचा राखाडी स्वेटर अजून दाराशी खुंटीवर आहे. फेकायचा कुणाला धीर होत नाही, आणि थंडी वाजली की सगळे तोच घालतात. मीही घातला.

धाकटी बंद केली. कार्ड बसवलं, झाकण लावलं, वायर जोडली. तिचा निळा दिवा बटण दाबून विझवला. आता ती चालू करायची, एवढ्यात थोरलीचा दिवा लुकलुकायला लागला.

मी बटण दाबून तो विझवला. तो परत लागला. परत विझवला, परत लागला. खोलीत मी एकटा, दार बंद, आणि अंगातल्या स्वेटरला तपकिरीचा वास येत होता. काका तपकीर ओढायचे. माझ्या पाठीतून शिरशिरी गेली.

"काका," मी हळूच म्हणालो, "तुम्ही आहात का?"

दिवा विझला, आणि लगेच लागला.

मी हात जोडले. "काका, थोरलीतही कार्ड घालायचं म्हणता?"

दिवा असा काही भराभर लुकलुकायला लागला की विचारता सोय नाही. आता एवढ्या जाणत्या माणसाचा शब्द कसा मोडायचा? शिवाय शिरस्ताही तोच सांगत होता, दिवा लागला ते मशीन उघडा. मी थोरलीचं चालू-बंदचं बटण दाबून धरलं.

पंखे थांबले. त्या खोलीत मी पहिल्यांदाच शांतता ऐकली. आणि त्या शांततेत मला आठवलं, की धाकटी मी चालू केलेलीच नाही. म्हणजे या क्षणी अख्ख्या हॉस्पिटलात एकही फोटो कुणाला दिसत नव्हता.

मी धाकटीच्या बटणाकडे हात नेला. बोट अजून वीतभर लांब होतं, तोच ती आपणहून चालू झाली.

मी धूम ठोकली. वर ऑपरेटरताई कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"अहो, तो दिवा मी लावत होते! तुमच्या सासूबाईंचं ऑपरेशन अलीकडे आणलं, त्यांना आत नेलंय, कशाला हात लावू नका म्हणून सांगायचं होतं. फोन तुमचा बाहेर, दाराची किल्ली तुमच्या खिशात. कॅमेऱ्यात बघतेय तर तुम्ही मशीनला नमस्कार करताय!"

माझा जीव खाली पडला. भूत नव्हतंच तर. मग लगेच तो परत वर आला. "सासूबाईंचे फोटो?"

"पडदा काळा झाला होता. आले परत. धाकटी वेळेवर चालू केलीत म्हणून निभावलं."

"मी नाही केली. तुम्ही केलीत ना?"

"मला इथून फक्त दिवे लावता येतात."

मी खुर्चीत बसलो आणि धाकटीला नव्या कार्डाची ओळख करून द्यायला पडदा उघडला. ओळख झालेली होती. कुणीतरी सगळं नीट लावून कार्डाला नावही दिलं होतं. काका असताना प्रत्येक डिस्कला भाजीचं नाव द्यायचे. जुन्या दोन डिस्कची नावं होती गाजर आणि बीट. नवीचं नाव होतं मुळा.

संध्याकाळी मी वॉर्डात गेलो. ऑपरेशन छान झालं होतं. सासूबाईंना कमरेपासून खालीच बधिर केलं होतं, त्यामुळे त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मधेच पडदा काळा झाला हो," त्या म्हणाल्या. "डॉक्टर ओरडले, कोण बसलंय तिथे खाली? मी म्हटलं, माझे जावई असतील."

बायकोनं पदर तोंडाला लावला.

"मग फोटो परत आले, ते सुद्धा पटापट. डॉक्टर म्हणाले, वा, तुमचे जावई हुशार आहेत."

मी जरा ताठ झालो. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, नाही हो. हे दुसरं कुणीतरी असेल."