उजव्या पिळाचे तायडे सर

आमच्या शेजारच्या तायडे सरांनी माझ्या सासूबाईंचे सरगुंडे नापास केले, तेव्हा सासूबाईंच्या हातात लाटणं नव्हतं म्हणून निभावलं.

अकोल्यातल्या आमच्या गच्चीवर उन्हाळ्याचं काम चाललं होतं. कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळायची, अलगद सोडवायची आणि स्प्रिंगसारखी वाळत टाकायची. आमरसासोबत सरगुंडे नसतील तर वऱ्हाडात पाहुणा जेवला असं कोणी धरत नाही. तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून सर ओरडले, "ओ माय! पीळ डावा होऊन राहिला!"

"मंग?" सासूबाई म्हणाल्या.

"प्रोटीनचा पीळ उजवा असते! तुमच्या-माह्या अंगात उजवाच हाय."

"मंग घ्या उलटून."

"उलटून ठेवला तरी डावा तो डावाच राह्यते!"

"मास्तर, रसात बुडल्यावर कोनाले दिसते?"

सर ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर लोक देवधर्माला लागतात, हे प्रथिनांना लागले. तायडेकाकू वारल्यावर तर फारच. प्रथिन म्हणजे एक लांबलचक माळ, ती कुठे पीळ घेते, कुठे वळते, आणि त्या घडीवर तिचं काम ठरतं, हे आमच्या दूधवाल्यालाही आता पाठ आहे. सरांनी कुरडईचं इन्सुलिन केलं होतं. ते मुंग्यांनी नेलं. आम्ही भेटायला गेलो तर म्हणाले, "पचन चालू हाय, बाप्पा. प्रोटीनचं असंच होते." जिलेबी ते खात नाहीत. ती सपाट असते, तिला डावं-उजवं नाही, म्हणून तिच्यावर विश्वास नाही.

मग त्यांनी सरगुंड्यांचं मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूंतलं एक प्रथिन, उभं केलं. आठ पीळ, मध्ये लोखंडी खिळा, कारण तिथे खरंच लोह असतं. अमरावतीच्या एका कॉलेजने प्रदर्शनाला बोलावलं. तिथल्या जीवशास्त्राच्या मॅडमना पसंत पडलं तर दारातल्या काचेच्या कपाटात कायमचं राहणार होतं. त्या कपाटाच्या आशेने सरांची झोप उडाली होती.

आम्ही त्यांना गाडीने नेलं. मायोग्लोबिन माझ्या मांडीवर, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला मागून सरांची बोंब, "सांभाळा!" कॉलेजच्या फाटकावर चौकीदाराने आत डोकावून विचारलं, "रुखवत काय? मंगल कार्यालय मांगच्या गल्लीत हाय."

मॅडम मात्र हरखल्या. चारी बाजूंनी फिरून पाहिलं. मग चष्मा सारखा करून म्हणाल्या, "सर, सात अगदी बरोबर आहेत. हा शेवटचा डावा झालाय. तेवढा बदला, आत्ता कपाटात ठेवते."

मी डोळे मिटले. सरांची चूक, आणि तीही पिळात! त्यांनीच बरोबर आणलेला जादा सरगुंड्यांचा डबा मी घाईघाईने पुढे केला.

"नाई," सर म्हणाले. "राहू द्या."

"पण चूक आहे, सर. मुलं बघणार."

"चूक तं हायच, मॅडम." सरांनी चष्मा काढला. "सात म्या वळले. हा आमच्या घरवालीनं वळला होता. डावखुरी होती ते. जिंदगीभर बोंबलत राह्यलो तिच्यावर, उलटं वळते म्हनून. गेल्यावर डब्यात पाह्यलं, तं हा एकच उरला होता."

 मॅडम हळूच म्हणाल्या, "समजतं हो सर. पण कपाटात असं नाही ठेवता येणार."

"नका ठेवू," सर म्हणाले आणि मायोग्लोबिन उचलून चालू लागले.

परतताना त्यांनी ते माझ्याकडे दिलं नाही, स्वतःच्या मांडीवर घेतलं.  बडनेरा मागे पडल्यावर सर एकदम म्हणाले, "ताई, मायोग्लोबिन काय करते, मालूम हाय का? श्वास कमी पडला तं कामी यावा म्हनून थोडासा धरून ठेवते."

 माणूस इतके दिवस शेजारी होता, आणि आम्ही त्याच्या पिळालाच हसत होतो.