मयत सटवाजीची बाजू

तांब्याची घागर चोरीला गेली म्हणून पुसेगावची मिराबाई ठाण्यात गेली. हवालदार प्रेमसिंगनं सगळं विचारलं. घागर केवढी, कुठं ठेवली होती, कधीपासून दिसत नाही. मग म्हणाला, "संशय कोणावर?"

मिराबाई पिशवीत आधार कार्ड शोधत होती. मान वर न करता बोलली, "दुसरं कोण नेणार? आमचे मालकच."

प्रेमसिंगला अशा बायका रोजच्या. त्यानं आधार कार्डावरून नवऱ्याचं नाव उतरवलं, सटवाजी. खाली अंगठा घेतला. मिराबाई नक्कल घेऊन परतीच्या जीपमध्ये बसली. आपण काय बोलून आलो हे तिच्या गावीही नव्हतं.

पाचव्या दिवशी प्रेमसिंग नोटीस घेऊन दारात हजर.

"सटवाजी आहेत का?"

"त्यांच्याकडं काय काम काढलं?"

"चौकशी हाये. तुमीच नाव दिलं न."

मिराबाईनं नुसतं भिंतीकडं बोट दाखवलं. फोटोला हार होता. प्रेमसिंगनं टोपी काढली.

"कवा गेले?"

"पोळ्याला."

"बाई, मग त्यांचं नाव काहून घेतलं?"

"सवय हाये," मिराबाई खाली बसली. "पंचवीस वर्षं घरातलं काहीबी गेलं की त्यांचंच नाव घ्यायची. बहुतेक वेळा बराबर निघायचं."

दारात पोलिसाची गाडी बघून शेजारची हलीमा धावत आली. सगळं ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "घागर माझ्याकडं हाये न माय. आमच्या अंजुमच्या मंगनीला नेली. तू रानात होती. सांगायचं राहून गेलं."

"मिटलं मग," मिराबाई म्हणाली. "दादा, तो कागद फाडून टाका."

"गुन्हा नोंद झाला, फाडता येत न्हाई. आन घागर ह्या बाईंनी नेली असं लिहिलं तर ह्यांना ठाण्यात, कोर्टात हेलपाटे. त्यापरीस सोपं सांगतो. मृत्यूचा दाखला द्या. आरोपी मयत, तपास बंद. कोणालाच तकलीफ न्हाई."

दाखला दिला. प्रेमसिंग चहा पिऊन गेला. पण मिराबाईला काही घास उतरेना. दोन दिवसांनी हलीमानं जबरदस्तीनं भाकर पुढं ठेवली.

"आता काय झालं तुला?"

"मेल्यावर चोर केलं मी त्यांना. जिते असते तर भांडले असते. आता भांडायला बी येईनात."

महिन्यानं कोर्टाचं बोलावणं आलं. पोलीस तपास बंद करून राहिलेत, फिर्यादीची काही हरकत आहे का? दोघी सेनगावला निघाल्या. हलीमानं घागर मांडीवर घेतली होती. मिराबाई नको नको म्हणत होती, तर हलीमा म्हणाली, "गप बस. काय व्हायचं ते होऊ दे."

"हरकत आहे?" कोर्टात न्यायाधीश साहेबांनी विचारलं.

"हाये."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, आरोपी वारलेत. शिक्षा कोणाला करायची?"

"शिक्षा नको साहेब. पण मेले म्हणून सोडू नका. नेली न्हाई म्हणून सोडा."

"तक्रार तर तुमचीच आहे."

"व्हय. पितळी समई त्यांनीच नेली. कढई नेली. माझी जोडवी नेली, पत्त्यात घालवली. ते सगळं लिहा, मी ना म्हणत न्हाई. ही घागर तेवढी त्यांनी नेली न्हाई."

हलीमानं घागर पुढं केली. "मी नेलती. हिला इचारलं न्हाई, ती चूक माझी."

मागं कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी पोलिसांना सांगितलं, अहवाल नव्याने लिहा, गैरसमजातून तक्रार, चोरी झालेलीच नाही.

लिपिक खाली मान घालून टाईप करत होता. फिर्यादी हजर, असं टाईप करून त्यानं पुढचा ठरलेला प्रश्न विचारला, "आरोपीतर्फे कोण?"

विचारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो खोडायला लागला. पण तोवर मिराबाई जागेवरून उठून पलीकडच्या, आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मी हाये," ती म्हणाली. "लिहा."