काय समजलं ते सांगा

शारजात अल नहदातल्या आमच्या इमारतीत बायबलातल्या संत मार्कवर चिडणारे गृहस्थ एकच, साळवे सर. "ओळीआड 'लगेच' लिहितो! इतकी कसली घाई होती ह्याला?" हे लिफ्टमध्ये, मला. मी नास्तिक आहे, हे उत्तर त्यांना पुरत नाही.

सर मूळचे नगरचे. तरुणपणी ग्रीक शिकले, शारजात तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. आता दक्षिण इथिओपियातल्या एका ओमोटिक भाषेत मार्कचं शुभवर्तमान आणणाऱ्या गटाला फुकट मदत करतात. भाषेचं नाव लिहीत नाही. उच्चार चुकला तर माझ्यावरही चिडतील.

ती भाषा अलेमितूची. आठव्या मजल्यावरच्या आजींना ती सांभाळते. रविवारी सुट्टी, तेव्हा सरांकडे बसून भाषांतर करते आणि गावी आईला व्हॉइस मेसेज पाठवते. आईला वाचता येत नाही. ऐकून काय समजलं ते तिनं परत सांगायचं, मगच ओळ पास.

पुस्तक छापणाऱ्या समितीच्या अध्यक्षांना मात्र नाताळाआधी हॉटेलात प्रकाशन हवं होतं. बॅनर तयार होतं, त्यावरचा त्यांचा फोटो पुस्तकाच्या चित्राहून मोठा. घाईत त्यांनी गेथशेमाने बागेतली, पकडलं जाण्याआधीची येशूची प्रार्थना इथिओपियाच्या राजधानीतल्या भारदस्त शब्दांनी परस्पर भरून टाकली. अलेमितूनं ती आईला ऐकवली. उत्तर आलं, "मुलगा घाबरलाय ना? मग बापाला अर्ज कशाला करतोय?"

सरांनी अध्यक्षांना फोन लावला.

"साळवे, हबीबी, यल्ला, छापून टाकू. दुसऱ्या आवृत्तीत बघू."

"म्हातारी तोवर थांबणार आहे का? लाज वाटते का काही? माझी सही मिळणार नाही. खलास!"

तपासनीस म्हणून त्यांच्या सहीशिवाय छपाई अडत होती. तीन रविवार घासाघीस चालली. शेवटी आईचा मेसेज आला, "पोर बापाला हाक मारतंय. पुन्हा लाव." अलेमितू रडायला लागली. सर तिच्यावरही ओरडले, "रडतेस काय? पुढची ओळ घे!"

पुस्तक आईनं पास केलेल्या शब्दांतच छापलं. निमंत्रणातून सरांचं नाव गाळलं. अलेमितूचं मुळात नव्हतंच. सर त्यावर जास्त भडकले.

प्रकाशनाच्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. सर मराठी बायबलमधली तीच बागेतली प्रार्थना मोठ्यानं वाचत होते, समोरच्या रिकाम्या खुर्चीला. त्यांचा मुलगा अबू धाबीला खलिफा सिटीत राहतो, नातवंडं इंग्रजीत उत्तरं देतात. बायको जाऊन चार वर्षं झाली.

"ती ऐकायची आणि परत सांगायची," सर म्हणाले. "बसा."

मी बसलो. वाचून झालं.

"सांगा, काय समजलं?"

मी सांगितलं. निम्मं चुकलं असावं. पण सर चिडले नाहीत.

"पुन्हा वाचतो," ते म्हणाले.