शुक्रवारची थंडी

शुक्रवारी दुपारची जेवणं उरकली की शालन दाराला कडी लावायची आणि फ्रीजमधून कोकमांचा डबा काढायची. डब्यात कोकमं नसायची. इंजेक्शन असायचं. ते थोडा वेळ बाहेर ठेवून गारठा गेला की नाथा सदरा वर करून पोट पुढे करायचा आणि डोळे मिटून घ्यायचा.

"अख्खा बोकड सोलताना हात थरथरत न्हाय तुमचा," शालन म्हणायची, "आनि एवढ्याशा सुईला घाबरताय."

"बोकड दुसऱ्याचा असतो. पोट माझा हाय."

रक्तदान शिबिरात नाथाचं रक्त घेतलं आणि आठ दिवसांनी परत बोलावलं. हिपॅटायटिस बी निघाली, म्हणजे लिव्हरची जुनी कावीळ. डॉक्टरांनी वर्षभर दर आठवड्याला एक इंटरफेरॉनचं इंजेक्शन सांगितलं. "टोचल्यावर चार-पाच तासांनी थंडी वाजून ताप येईल," ते म्हणाले. "घाबरू नका, औषधाचाच तो गुण आहे. स्वयंपाक करा, सगळ्यांबरोबर जेवा. हा आजार ताटातून लागत नाही, रक्तातून लागतो."

हे डॉक्टरांना ठाऊक होतं. काशीगावाला कोण सांगणार? नाथा गावचा आचारी. मिठागरं गेली, शेतावर इमारती उभ्या राहिल्या, पण लग्नातल्या हळदीचं मटण नाथाच्याच हातचं लागायचं. कावीळ हा शब्द गावात फुटला की त्याच्या हातचं कोणी खाणार नाही, अशी त्याची खात्री होती. त्यातून दोन महिन्यांवर चांदणीची हळद आलेली. चांदणी म्हणजे धाकटा भाऊ बबन याची मुलगी. तिच्या हळदीचं मटण मोठा काका करणार, हे ती पाळण्यात होती तेव्हाच ठरलं होतं. म्हणून त्याने शुक्रवार निवडला. शुक्रवारी सुई, शनिवारी अंथरूण, रविवारी चूल. कोणाला काही कळायचं कारण नव्हतं.

पण एका शुक्रवारी शालनने गोधड्या धुऊन गच्चीवर टाकल्या आणि त्या वाळल्याच नाहीत. संध्याकाळी नाथाला हुडहुडी भरली तेव्हा हाताला लागली ती शालनची हिरवी साडी. तीच डोक्यावरून गुंडाळून तो जमिनीवर बसला. समोर देवीच्या फोटोपुढे शालनने नेहमीसारखा दिवा लावलेला. साडीत गुंडाळलेला नाथा त्या दिव्यापुढे दात वाजवत, मान हलवत बसला होता, आणि नेमकी तेव्हाच बबनची बायको हेमांगी वाटीभर साखर मागायला आली.

वाटी तिच्या हातातून पडली. तिने तिथेच लोटांगण घातलं.

"वयनी, कधीपासून?" तिने विचारलं.

शालनच्या तोंडून खरं ते निघून गेलं. "चार-पाच शुक्रवार झालं."

"आनि घरातल्यांना सांगितला न्हाय? आई, मी हेमांगी. काय हुकूम?"

"पंखा बंद कर!" नाथा ओरडला.

हेमांगीने नमस्कार केला आणि हुकूम पाळायला धावत स्वतःच्या घरी गेली. इथला पंखा फिरतच राहिला. तिने मात्र घरातले सगळे पंखे बंद केले, आणि दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून दाखवलेही. वायरमन म्हणाला, बेडरूमच्या पंख्याचा हूक गंजून सुटायला आलाय, आणखी दोन दिवसांत खाली आला असता.

पुढच्या शुक्रवारी अकरा बायका आल्या.

"त्यांना सांग, देवी न्हाय म्हनून," नाथा आतल्या खोलीतून कुजबुजला.

"सांगते. मंग मानूस का हलतोय ते इचारतील. त्याला काय सांगू?"

नाथाने थोडा विचार केला. तोवर थंडी भरलीच.

त्याच्या पुढच्या वेळी केबिन रोडवरचे विपुलभाई आले. त्यांचं भांड्यांचं दुकान, हळदीचे टोप नाथा तिथूनच घ्यायचा. ते हात जोडून म्हणाले, "माताजी, शांती नगर में दुकान मिल रही है. ले लूं?"

नाथाला त्या वेळी अंगावरच्या एका गोधडीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. "एक से क्या होता है?" तो कण्हला. "दो! दो डालो!"

विपुलभाईंनी दोन दुकानं घेतली. वर पेढेही पाठवले.

नाथाने डॉक्टरांना फोन लावला. "साहेब, वार बदलला तर चालेल का? शुक्रवारी घरात लई लोक येतात."

"एकदा बदलून घेतला तर चालेल. मंगळवारी घ्या हवं तर."

"मंगलवार बी देवीचाच हाय, साहेब."

मग डॉक्टरांनी, आणखी काही त्रास होतो का, नीट झोप लागते का, असं जरा काळजीने विचारलं.

नाथाला खरा घोर वेगळाच लागला होता. चांदणीची हळद आठ दिवसांवर आली तरी बबनने मटणाचा विषय काढला नव्हता. बोकड किती, मसाला कुठला, भट्टी कुठे लावायची, काहीच नाही. समोर आला की वाकून नमस्कार करायचा आणि सटकायचा. सख्खा भाऊ, पण कपातला चहासुद्धा अर्धा टाकून उठायचा.

"त्याला कललाय," नाथा शालनला म्हणाला. "माझ्या हातचा नको त्याला."

"त्याला कसा कलंल? मी डबा कोनाला हात लावू देते का?"

"मंग बोलत का न्हाय?"

शालनने नुसतीच त्याच्या पाठीवरची चादर सारखी केली.

त्या शुक्रवारी लोक सकाळपासूनच आले. चांदणीच्या हळदीआधी देवीचा कौल घ्यायचा, असं हेमांगीने परस्पर ठरवलं होतं. ओटी भरायला आलेल्या बायकांनी घर भरलं. हार कोमेजू नयेत म्हणून फ्रीजमध्ये कोंबले गेले. कडी लावायची सोय उरली नाही. जेवणाची वेळ टळून गेली, सुईचीही गेली, आणि नाथा हिरव्या साडीवर धडधाकट बसून राहिला. साडी आता त्याच्यासाठी हेमांगीच अंथरायची.

चार वाजले. पाच वाजले. नाथाला साधी शिंकसुद्धा येईना.

"टाइम लागतोय आज," कोणीतरी म्हणालं.

शालनने फ्रीज उघडला. "जरा सरका गो, दूध काढायचाय."

"मी काढते ना वयनी, तुम्ही बसा." हेमांगीने हार बाजूला केले आणि तिच्या हाताला डबा लागला. झाकणावरची चिठ्ठी तिने मोठ्याने वाचली. "कोकम? वयनी! शुक्रवारी देवीच्या घरात आंबट? तरीच आई येत न्हाय!"

कोणी काही बोलायच्या आत तिने डबा ओट्यावर नेऊन ठेवला. ओट्यावर ऊन होतं, आणि औषधाला ऊन चालत नव्हतं.

शालन धावली. पाटावरचं तांब्याचं भांडं लवंडलं, एकीच्या पदरावर पाय पडला, तरी ती थांबली नाही. तिने डबा उचलून पदराखाली घेतला आणि सावलीत उभी राहिली. लवूआजा गावातले सगळ्यात जुने. देवीचं काही असलं की त्यांचा शब्द शेवटचा. ते काठी आपटून म्हणाले,

"बघा! देवीच्या टायमाला घरची बाई कोकमांमागं पलते! म्हनून देवी रुसली. सून, पाय धर देवीचे. सगल्यांच्या समोर नाक घास."

डबा तसाच छातीशी धरून शालन पुढे आली आणि नाथापुढे वाकायला लागली. डबा सोडावा लागू नये म्हणून ती तेही करणार होती.

नाथा उठला. त्याने तिचा दंड धरून तिला उभं केलं.

"नाक बीक कोन न्हाय घासनार. आनि तिला बोलायचा काम न्हाय, आजा." त्याने डबा घेतला, उघडला आणि आतलं इंजेक्शन वर धरलं. "ही तुमची देवी. मला कावील हाय, लिव्हरची. दर शुक्रवारी ही टोचते मला, सांजेला थंडी भरते. आज तुम्ही टोचू दिली न्हाय, म्हनून भरली न्हाय."

"मंग पंखा?" हेमांगीने बारीक आवाजात विचारलं.

"मला थंडी वाजत होती."

"मैं दो दुकान ले चुका हूं," विपुलभाई मागून म्हणाले.

"मैं गोधडी बोल रहा था, भाई."

शालन आता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ताटातून लागत न्हाय ही. रक्तातून लागते. माझा रक्त तपासला, मी चांगली हाय, लस बी घेतली. तुम्ही बी सगली तपासून घ्या."

दारात बबन उभा होता. नाथाने त्याच्याकडे बघितलं. "बबन, तुला कलला होता ना? म्हनून मला मटनाचा विचारला न्हाय. बरोबर हाय तुझा. माझा काय म्हनना न्हाय."

बबन चपला न काढताच आत आला. "दादा, म्हनजे देवी न्हाय? नक्की न्हाय?"

"न्हाय म्हनतोय ना."

"शप्पत घे."

"कावीलची?"

बबनने कपाळावर हात मारून घेतला. "आरं, मंग आधी सांगायचास ना! देवी येते त्या मानसाला बोकड काप म्हनून मी कोनच्या तोंडानं सांगू? ही म्हनाली, इटाल व्हईल, आई कोपंल. म्हनून मी हायवेवरचा केटरर सांगितला. तो मटनात काजूची पेस्ट घालतो, दादा! चांदणी दोन दिवस जेवली न्हाय."

"आनि कावीलचा?"

"तिचा डाक्टर बघंल. तू बोकड बघ. परवा सकाली जाऊ." बबन तिथेच मोबाइल काढून केटररला नंबर लावायला लागला.

नाथाने शालनकडे बघितलं. ती फ्रीजमधले हार भराभर काढून एकेकीच्या हातात देत होती.

"चला, उठा आता," ती म्हणाली. "मला सुई टोचायची हाय. आधीच उशीर झालाय."

बायका ओट्या सावरत उठल्या. विपुलभाई गेले. हेमांगी, मटणाला कांदा किती लागेल ते विचारत विचारत दारापर्यंत गेली. शालनने कडी लावायला हात घातला, तेव्हा लवूआजा अजून भिंतीला टेकून बसलेले दिसले.

"आजा, घरी जात न्हाय काय?"

"सुई टोचल्यावर थंडी किती टायमानं भरते?"

"चार-पाच तासांनी."

"मंग बसतो मी," आजा म्हणाले. "एक विचारायचा होता."