उत्तरेची भिंत

आमच्या जयनगरच्या घराच्या पायात उत्तरेकडे एक भिंत आहे. तिच्याविषयी दहा वर्षांपूर्वी मी एक वाक्य बोललो होतो आणि ते खोटं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वडिलांना नाही, बायकोला नाही. वडील आता राहिले नाहीत. बायको त्याच भिंतीवरच्या खोलीत बसून रोज तांदूळ निवडते. मी बोलण्यात कच्चा माणूस, म्हणून लिहितो आहे. पण आधी लिंगोजीअण्णा कोण ते सांगायला हवं, नाहीतर खोटं केवढं होतं ते कळायचं नाही.

लिंगोजीअण्णा मेस्त्री भिंतीला कान लावायचे.

काँक्रीट ओतून झालं, फळ्यांच्या साच्यात भिंत आवळू लागली, की हा पंचावन्न वर्षांचा माणूस गुडघे टेकून फळीला डावा कान लावी. डोळे मिटलेले, तोंडातली सुपारी अर्ध्यावर थांबलेली. मग उठून धोतर झटकायचे आणि हलक्या आवाजात सांगायचे, "निजली." कधी म्हणायचे, "कुरकुरते. पोती ओली करा." भिंत निजली की आसपास कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. "सोप्पु, सोप्पु" ओरडत पालेभाजी विकणाऱ्या बाईला त्यांनी एकदा हात जोडून पलीकडच्या गल्लीत घालवली होती. ती जाताना कन्नडमध्ये जे बोलली ते भिंतीनं ऐकलं असतं तर तेव्हाच तडा गेला असता.

त्या काळी बेंगळूरात घराचा पाया म्हणजे दगड. सगळ्यांचा दगडाचाच. आमची जागा मात्र एका आटलेल्या तळ्याच्या काठची. कमरेइतकं खणलं की पाणी लागायचं. वडील नुकतेच सरकारी नोकरीतून सुटलेले, आयुष्यभर भाड्याच्या घरात राहिलेले. त्यांना लिंगोजीअण्णांनी पटवलं की इथे पायाच्या चारी भिंती काँक्रीटच्याच हव्यात. ते तरुणपणी एका धरणाच्या कामावर हे शिकून आले होते, आणि तेव्हापासून दगडावर त्यांचा रागच होता.

"धोंडे म्हणजे लग्नातले पाहुणे, रायरे," ते वडिलांना म्हणाले. "मांडीला मांडी लावून बसतात, पण कोण कुणाचं होतं? काँक्रीट एका पोटचं असतं."

आमची घराणी बेंगळूरात तीनशे वर्षांची. आमची मराठी पुण्याच्या पाहुण्यांना 'स्वल्प' वेगळी वाटते, आणि लिंगोजीअण्णांची आम्हांलाही वाटायची. वडील त्यांचे 'रायरे', मी 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ. मी तेव्हा चौतिशीचा होतो, तरी तम्मा.

त्यांच्या हिशेबी ओतकाम म्हणजे बाळंतपण. ओतण्याआधी फळ्यांना आतून होंगे तेल चोळायचे, आपल्या करंजाचं. "अंगाला तेल नसलं तर लेकरू सुटंल कसं?" ओतायचं ते एका दमात. पहाटे तगारं हलायला लागलं की बायकांच्या डोक्यावरची घमेली सांजेपर्यंत थांबायची नाहीत, आणि अण्णा वर उभे राहून लोखंडी गजानं ओलं काँक्रीट ठासत राहायचे. पहिल्याच भिंतीच्या वेळी दुपारी वडील म्हणाले, "लिंगोजी, माणसांना जेवू तर दे."

"पाळीपाळीनं जेवतील, रायरे. काम थांबायचं नाही. बाळंतीण अर्ध्यावर भात खायला उठते का?"

वडिलांनी हयातभर साहेबांची तिरकी बोलणी ऐकली होती, पण असं काही नाही.

मग दहा दिवस सोयर. फळीला हात लावायचा नाही, नुसती पोती ओली ठेवायची. अकराव्या दिवशी फळ्या उतरायच्या आणि बाराव्या दिवशी बारसं. खरंच बारसं! त्यांची बायको रुक्माक्का पितळी डब्यातून घुगऱ्या आणायची, त्या आम्ही खंदकाच्या काठी बसून खायचो आणि अण्णा भिंतीचं नाव जाहीर करायचे. पूर्वेची गंगू. दक्षिणेची सोनी. पश्चिमेची भागू.

"सगळ्या पोरीच का हो?" माझ्या बायकोनं रुक्माक्काला विचारलं होतं.

"आमच्या घरात नाव ठेवायला कुणी आलंच नाही बाई," रुक्माक्का डबा पुसत म्हणाली. "मग हे असे गावभर ठेवून येतात." आणि हसली. आम्हीही हसलो. कशाला हसलो कोण जाणे.

फळ्या एका भिंतीपुरत्याच होत्या, त्यामुळे भिंती एकामागून एक झाल्या. प्रत्येक वेळी तोच क्रम. फळ्या उतरल्या की मातीचे गाडीवाले बाहेरच्या बाजूनं चर भरायचे आणि धुम्मसानं ठोकायचे. त्यांना वेगळं सांगावं लागत नसे. फळ्या गेल्या, म्हणजे माती टाकायची. तीन भिंती अशाच झाल्या.

उत्तरेची ओतून दोन दिवस झाले आणि लिंगोजीअण्णांना कोलारहून निरोप आला, मेव्हणा वारला. निघताना त्यांनी फळीला कान लावला, मग मला बाजूला घेतलं.

"तम्मा, मी पाच-सहा दिवसांत येतो. ही शेवटची. वल्लं ठेव. फळीला हात नक्को."

"बरं, अण्णा."

"सुम्मने, उगाच म्हणू नकोस. बरं म्हणजे बरं."

"बरं म्हणजे बरं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत आमच्या शिरस्तेदारांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर माझ्या बढतीचा कागद तीन महिने पडून होता. त्यांच्या गल्लीत रामनवमीच्या गाण्यांचा मांडव पडला होता आणि स्टेजला फळ्या कमी होत्या.

"तुमच्याकडे आहेत म्हणे फळ्या."

"आहेत, सर. पण आठवडाभर भिंतीला लागतील."

"राम काय आठवडाभर थांबून जन्मेल?" ते म्हणाले, आणि त्या कागदावरचं पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवलं. बस, एवढंच केलं.

चौथ्या दिवशी सकाळी कचेरीचे दोन शिपाई आणि मी, आम्ही उत्तरेच्या फळ्या काढल्या. तारा कापल्या, टेकू सोडले. भिंत उभी राहिली. तिच्यावर लाकडाच्या रेषा स्वच्छ उमटल्या होत्या. मी हात लावला, गार होती. सोयर वगैरे म्हाताऱ्याचं वेड, असं मनात आलं. फळ्या गाडीवर चढवल्या आणि मी कचेरीत गेलो. मातीच्या गाडीवाल्यांची मला आठवणसुद्धा झाली नाही.

त्यांनी मात्र त्यांचं काम चोख केलं. येऊन पाहिलं, फळ्या नाहीत. चर भरला, ठोकला. कोवळी भिंत आत पोटाशी फुगली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी फाटली.

संध्याकाळी वडील घोड्याच्या जटक्यातून उतरले ते भिंतीसमोर तसेच उभे राहिले. त्यांची सगळी पुंजी त्या खड्ड्यात होती.

"फळ्या कुणी काढल्या?"

आणि मी म्हणालो, "अण्णांनीच सांगितलं होतं, जाताना."

हेच ते वाक्य.

दोन दिवसांनी लिंगोजीअण्णा आले, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. वडील गल्लीत सर्वांदेखत ओरडले. समोरचे कृष्णाचार माडीच्या कठड्याशी येऊन उभे राहिले. त्यांच्या गल्लीतल्या दुसऱ्या, रिकाम्या जागेचं काम पुढच्या महिन्यात अण्णांनाच मिळायचं होतं, तेही काँक्रीटचं.

"तू याला फळ्या काढायला सांगितलंस की नाही? एवढंच सांग, लिंगोजी."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी चपलेकडे पाहत होतो, तरी मला ते कळलं. मग ते गुडघ्यावर बसले आणि तड्याला कान लावला. फार वेळ लावला. गल्लीत कुणीतरी हसलंसुद्धा.

"भिंतीचं ऐकता ना, मेस्त्री?" कृष्णाचार वरून म्हणाले. "फाटताना तिनं हाक मारली नाही वाटतं?"

अण्णा उठले, धोतर झटकलं. "सांगितलं असंल, रायरे. मयताचा निरोप, डोस्कं ठिकाणावर नव्हतं. चूक माझी."

"दगडच बरा," कृष्णाचार म्हणाले आणि आत गेले.

पुढचे आठ दिवस अण्णा छिन्नी-हातोड्यानं ती भिंत फोडत होते. मजूर लावू दिला नाही. रामनवमीनंतर फळ्या परत आल्या, त्यांना तेल चोळलं, पुन्हा ओतलं, पुन्हा दहा दिवस. बाराव्या दिवशी रुक्माक्का घुगऱ्या घेऊन आली. मी नावाची वाट पाहत उभा. अण्णांनी मूठभर घुगऱ्या माझ्या हातात घातल्या.

"हिचं नाव तू ठेव, तम्मा."

तेवढंच. त्यांनी मला त्याहून जास्त कधी सुनावलं नाही. मी घुगऱ्या खाल्ल्या. नाव मला सुचलं नाही. ती भिंत अजून बिननावाची आहे, आणि मोठी मजबूत आहे. तळ्याचं पाणी आजवर आत आलेलं नाही.

बढती झाली. घर झालं. लिंगोजीअण्णांना काँक्रीटचं काम पुन्हा कुणी दिलं नाही. कृष्णाचारांच्या नव्या घराचा पाया दगडाचा झाला, त्यांच्यामागून सगळ्या गल्लीचा. अण्णा कुंपणं बांधायचे, पायऱ्या बसवायचे. दगडाशी जमवून घेतलं म्हणायचे. दगडाला मात्र त्यांनी कान लावलेला मी पाहिला नाही.

दर रामनवमीला ते आमच्याकडे पानक प्यायला येतात. गुळाचं पाणी, वेलदोडा, वाटीत भिजल्या डाळीची कोसंबरी. खाऊन झालं की घराला एक फेरी. गंगूला कान, सोनीला कान, भागूला कान. "निजली." उत्तरेला आले की कान लावत नाहीत, नुसता तळवा टेकवतात, आजारी माणसाच्या कपाळाला लावावा तसा.

यंदा मी ठरवलं होतं, सांगायचंच. ते उत्तरेच्या पायरीवर बसले होते. मी शेजारी बसलो आणि खालच्या आवाजात म्हणालो, "अण्णा, तेव्हा तुम्ही सांगितलं नव्हतं. फळ्या मी काढल्या. माझ्या मनानं."

"हां," ते म्हणाले. "यंदा गूळ बरा मिळाला."

मी पुन्हा म्हणालो. त्यांनी पेला खाली ठेवला आणि डाव्या कानामागे हात धरला. "काय म्हनलास, तम्मा? स्वल्प जोरानं बोल. दोन वर्षं झाली, कान गेले माझे. तुझ्या रुक्माक्काला ठावं आहे, तुला म्हणून सांगतो."

दोन वर्षं. म्हणजे आत्ताच भिंतींची फेरी झाली तेव्हा... समोर कृष्णाचारांनी वर्तमानपत्र खाली केलं होतं. आत तांदूळ निवडण्याचा आवाज थांबला होता. मी तोंड उघडलं, आणि मोठ्यानं, अगदी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो, "आणखी पानक आणू?"

"सरी सरी, आण," ते म्हणाले, आणि हसले.

लिंगोजीअण्णांचं मी एक वाक्य देणं लागतो. फळ्या मी काढल्या, एवढंच आहे. पण ते त्यांच्या त्या कानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचं आहे, आणि ते अजून राहिलं आहे.