सायक्लोस्टाइलचा परवाना

परळच्या त्या कंपनीत सायक्लोस्टाइलचं यंत्र चक्क कुलपात ठेवलं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. कुणी त्यावर मोर्च्याची पत्रकं छापेल, ही साहेबाला धास्ती. म्हणून हुकूम निघाला, परवान्याचा फॉर्म भरून त्यावर हेडक्लार्कची सही घेतल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. आणि हेडक्लार्क कोण, तर मनमोहनराव विजयकर! हा माणूस आधीच स्वतःला कंपनीचा जावई समजायचा. त्यात कमरेला किल्ली आली. मग काय विचारता!

जयवंतला ती किल्ली आज हवीच होती. हंगामी नोकरीचा शेवटचा दिवस. पाचाच्या टपालात दोनशे नोटिसा पडल्या तर कायम, नाहीतर घरी बस, असं साहेबाने सकाळीच बजावलं होतं.

"मनमोहनराव, किल्ली द्या ना."

"परवान्याचा फॉर्म भरून आण."

"फॉर्म संपलेत."

"मग छापून घे."

"कशावर?"

"यंत्रावर! अजून कशावर?"

"मग किल्ली द्या."

"परवाना आण!"

जयवंतने कपाळावर हात मारला. "साध्या कागदावर अर्ज देतो, चालेल?"

"आज साधा कागद, उद्या विडीच्या पुडक्यावर लिहून आणशील! हे ऑफिस आहे, तुमची चाळ नव्हे."

चार वाजले. रागाने नुसता तिळपापड झालेला जयवंत नाक्यावर चहाला गेला. तिथं कुणीतरी त्याच्या हातात संध्याकाळच्या सभेचं पत्रक कोंबलं. त्याने ते सहज उलटं केलं आणि भरला कप तसाच टाकून धावत सुटला. पत्रकाच्या पाठीवर कंपनीच्या परवान्याचा कोरा फॉर्म होता!

"हा घ्या, भरलाय. करा सही."

"मिळाला ना? शोधायला अक्कल लागते!" मनमोहनरावांनी चष्मा सावरला, कागद उलटसुलट केला आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मागे ठळक अक्षरांत होतं, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!'

"कुठं मिळालं हे?"

"नाक्यावर वाटतायत. बाकी यंत्राची किल्ली तुमच्याकडेच असते ना हो?"

"हळू बोल रे बाबा!"

सही झाली, कुलूप निघालं आणि राव स्वतः बाह्या सरसावून हँडल फिरवायला लागले. हात असा सराईत की पाचाच्या आत दोनशेच्या दोनशे नोटिसा टपालात पडल्या. जयवंतची नोकरी वाचली, पण जीभ काही गप्प बसेना.

"राव, ती पत्रकं छापलीत तेव्हा तुमच्या परवान्यावर सही कुणाची होती?"

"परवाना कुठला घेणार?" मनमोहनराव उसळून म्हणाले, "सगळे फॉर्म त्यातच संपले की रे!"